जांगडावर आणलेला ऑइल कूलर

रविवारी दुपारी बरोब्बर पावणेदोन वाजता हे सगळं सुरू झालं. वेळ मला इतकी पाठ आहे ती शालनमुळे. बारवी धरणाकडच्या चढणीवर तिच्या नवऱ्याची गाडी बंद पडली तेव्हा तिने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं होतं. पुढे ज्याला त्याला हकीकत सांगताना ती तिथूनच सुरुवात करायची, “पावणेदोन झाले होते बघा...”

मी तेव्हा तिथे नव्हतो. मी उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये, टेकचंदशेटच्या स्पेअर पार्टच्या दुकानात खिळ्याला टांगलेला होतो. मी एक ऑइल कूलर. नाव ऐकून बिचकू नका, काम फार मोठं नाही माझं. इंजिनातलं तेल तापलं की ते माझ्या नळ्यांतून फिरतं, समोरून येणाऱ्या वाऱ्याने निवतं आणि निवलेलं तेल परत इंजिनात जातं. बायका चहा बशीत ओतून फुंकर घालतात ना, तेच. माझ्या नळ्या म्हणजे बशी आणि वारा म्हणजे फुंकर.

हे काम मी आयुष्यात एकदाही केलेलं नाही. एकदाही नाही! तेच तर माझं दुखणं आहे.

माझा जन्म त्याच कॅम्पातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. एका बाजूला पापड लाटणाऱ्या बायका, दुसऱ्या बाजूला पँटी शिवणारे, मधे आमची शेड. नळ्या वाकवल्या, त्यांवर पातळ पातळ पत्र्या चढवल्या, काळा रंग फासला आणि कपाळावर परदेशी नावाची पट्टी ठोकली. मी जन्मात कल्याण ओलांडलं नव्हतं, पण शेटजी गिऱ्हाइकाला सांगायचे, “इम्पोर्टेड है.” मी गप्प बसायचो. गप्प बसायची सवय मला तेव्हापासूनची. तिचाच पुढे मला इतका जाच झाला.

शालनचा नवरा किसन अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअरला होता. त्याने जुनी फियाट घेतली होती. रंग कधीकाळी पांढरा असावा. गाडी आली त्याच दिवशी त्याने सासऱ्याला निरोप धाडला होता, “आबा, तुमचं नातवंड एसटीतून नाही येणार. स्वतःच्या गाडीतून आणीन.”

शालनचं माहेर बदलापूरच्या पुढे, बारवीच्या वरच्या अंगाला. वाडीत डॉक्टर नाही, म्हणून बाळंतपण इकडे उल्हासनगरलाच झालं. आई येऊन राहून गेली. आबांना, म्हणजे रामभाऊंना, मात्र येता आलं नाही. त्यांना काचबिंदू झाला होता. एक डोळा गेलेला, दुसरा जात चाललेला. डॉक्टरने सांगितलं होतं, गेलेली नजर परत येत नाही, राहिली आहे ती किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही.

म्हणजे शालनच्या जिवाला घोर एकच. आबांच्या डोळ्यांत थोडा उजेड आहे तोवर विशूला, तिच्या मुलीला, त्यांच्यासमोर न्यायचं.

पण शालन काळजीखोर बाई. पोर लहान होती तेव्हा म्हणाली, मान धरू दे. मान धरली तर म्हणाली, थंडी जाऊ दे. थंडी गेली आणि मार्चमधल्या रविवारी एकदाची निघाली, तर चढणीवर पावणेदोनला गाडी उकळली. पाण्याचा काटा लाल खुणेला टेकला आणि तेलाचा लाल दिवा लुकलुकायला लागला. तान्ही पोर मांडीवर, वर ऊन, रस्त्याला चिटपाखरू नाही. शालनने रडून घेतलं. गाडी निवल्यावर किसनने ती तोंड फिरवून उताराने घरी आणली.

दुसऱ्या दिवशी किसन मेकॅनिकला घेऊन आमच्या दुकानात आला. मेकॅनिकचं नाव हरिचंद्र. विठ्ठलवाडीच्या बाजूला त्याचं गॅरेज.

“पंप बघितला, पट्टा बघितला, रेडिएटरमधून पाणी आरपार जातंय,” हरिचंद्र म्हणाला. “मग राहिलं काय? तेल! चढणीला ताकासारखं पातळ होतंय ते. म्हणून तर दिवा लागतो. कूलर टाक, विषय संपला.”

“टाकू म्हणतोस?”

“टाक.”

“आणि नाही टाकला तर?”

“मग सासुरवाडीला जाऊ नको.”

किसनने मला खिळ्यावरून काढलं, उलटं केलं, सुलटं केलं, खिळ्याला अडकवलं, परत काढलं. टेकचंदशेट वैतागले. “अरे साईं, इतना सोचेगा तो बेटी की शादी भी इसी दुकान में करनी पडेगी. जांगड पे ले जाओ. फिट हुआ तो तुम्हारा, नहीं हुआ तो वापस.”

जांगड म्हणजे पसंतीवर नेलेला माल. दुकानातून गेलेला, पण विकला न गेलेला. घरात आलेला, पण घरचा न झालेला. माहेरी आणून सोडलेल्या बाईसारखी गत. त्या एका शब्दाने माझा जन्म नासला.

मला घरी आणून कॉटखाली ठेवलं. किसनची आत्या गोजरबाई त्यांच्याकडेच असायची. तिने वाकून पाहिलं.

“ही खवणी का रे इवढी मोठी?”

“आत्या, ऑइल कूलर आहे तो. गाडीला थंड करतो.”

“मग पंखा का नाय लावीत?”

संध्याकाळी किसनच्या कारखान्यातला मधू आला. तो लेथवर काम करायचा आणि सगळ्यातलं त्याला सगळं कळायचं. त्याने मला दोन बोटांत धरून हलवलं. “घेऊ नको. ह्याला नवीन पाइप लागणार, नवीन जोड लागणार. एक जोड सुटला की सगळं तेल रस्त्यावर. इंजिन जाम. आत्ता निदान गाडी उकळून परत तरी येते.”

“खरं आहे,” किसन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी हरिचंद्र म्हणाला, “मधूला काय कळतं? तो नळ्या कापणारा. पाइप चांगला घातला तर जन्मात सुटत नाही.”

“खरं आहे,” किसन म्हणाला.

असं रोज चाललं. जो शेवटी बोलेल त्याचं खरं. मी कॉटखाली धूळ खात ऐकत पडलेला. रात्री शालनची भुणभुण सुरू व्हायची, “अहो, बसवा नाहीतर परत करा. पण हे घोंगडं भिजत ठेवू नका. तिकडे माझ्या आबांचे डोळे थांबायचे नाहीत.”

“घाईने केलं आणि रस्त्यात जोड सुटला तर? पोर आहे सोबत.”

पोरीचं नाव काढलं की शालनची बोलती बंद. मग तीच म्हणायची, “नको मग. नीट विचार करा.” आणि सकाळी परत पहिल्यापासून.

एका रविवारी हरिचंद्र आला. म्हणाला, आधी जागा तरी बघू. त्याने बॉनेट उघडलं आणि मला पुढच्या जाळीच्या मागे, रेडिएटरच्या समोर धरून पाहिलं. त्या वेळी माझी पाठ कशाला तरी टेकली. मऊ, जाड, काळं. रेक्झिन होतं ते.

आता ह्या रेक्झिनची गोष्ट सांगायला हवी. आदल्या पावसाळ्यात शहाडजवळ रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यात ही गाडी शिरली. पाणी पुढच्या जाळीतून उडून इंजिनावर गेलं आणि गाडी मधोमध बंद पडली. शालनला तेव्हा सातवा महिना. माणसांनी हात देऊन तिला बाहेर काढली. ती जी घाबरली, ती घरी येऊन तडक शिलाई मशीनवर बसली. रिक्षाच्या सीटचं उरलेलं काळं रेक्झिन आणलं, दुहेरी केलं, कडेला पट्टी मारली, कोपऱ्याकोपऱ्याला नाड्या लावल्या आणि किसनला जाळीच्या आतून बांधायला दिलं. पाणी आत यायला नको. स्वतः वाकून नाड्यांच्या गाठी मारल्या, त्याही निरगाठी. सुटायला नकोत.

त्याच आठवड्यात, त्याच मशीनवर, त्याच नाडीच्या रिळातून तिने पोटातल्या बाळासाठी कुंची शिवली. डोकं, कान, मान, पाठ, सगळं झाकणारी. चाळीतल्या बायका हसल्या. “शालनने गाडीलाही कुंची घातली गं!”

पावसाळा गेला. दसरा गेला. गाडीची कुंची काढायची कुणाला आठवण राहिली नाही. काळ्या जाळीमागे काळं रेक्झिन, दिसणार तरी काय? थंडीत तिने काही त्रास दिला नाही. सपाट रस्त्यावरही नाही. उन्हं तापली, चढण आली आणि रेडिएटरचा श्वास कोंडला. पाणी उकळलं, पाण्यामागून तेल तापलं, तेल पातळ झालं आणि दिवा लागला. एवढंच!

माझी गरजच नव्हती हो! आणि त्या रेक्झिनच्या मागे मला बसवलं असतं, तर मी तरी काय थंड करणार होतो, कपाळ? मी वाऱ्यावर जगणारा जीव. जिथे वारा नाही तिथे मी आणि विळीचं पातं सारखेच.

मला वाटलं, आता हरिचंद्राच्या लक्षात येईल. त्याने रेक्झिनवरून हात फिरवलासुद्धा. आणि म्हणाला काय? “वहिनी, शिवलंय एक नंबर! माझ्या रिक्षाला पण द्या एक शिवून.”

शालन लाजली. “द्या की माप.”

मला रडू येत असतं तर मी तिथेच तेल गाळलं असतं. पण तेलही नव्हतं माझ्यात. त्याला तरी काय दोष द्यावा? त्या भागातल्या निम्म्या गाड्या पावसात असं काहीतरी बांधूनच फिरायच्या. रोज दिसणारी गोष्ट डोळ्याला खुपत नाही.

“जागा आहे,” हरिचंद्र म्हणाला. “शनिवारी बसवतो.”

“खरं आहे,” किसन म्हणाला.

तो शनिवार आला, गेला. पुढचाही गेला. कधी पाइप मिळाला नाही, कधी मधू येऊन घाबरवून गेला. एप्रिल अर्धा सरला तेव्हा वाडीवरचा एक माणूस आईने दिलेली करवंदं घेऊन दारात आला. पाणी प्यायला आणि म्हणाला, “रामभाऊंची नजर उतरली गो. परवा मी म्होरं उभा होतो तर म्हनं, कोन हाय? बोललो तवा वळाखलं. सांजचं तर कायच दिसत नाय. तुला म्हनलेत, पोरीला घेऊन ये. गाडी नको, कायच नको, पन ये.”

शालनने करवंदं ताटात ओतली आणि तिथेच बसून राहिली. किसन कामावरून आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, “येत्या रविवारी मी निघणार. तुमची गाडी चढली तर गाडीने, नाहीतर चालत.”

किसनने हरिचंद्राला शपथ घातली. शनिवारी नक्की, म्हणाला तो. शनिवारी त्याच्या गॅरेजला कुलूप. गावाला हळदीला गेला म्हणे. किसनने मला परत आणून डिकीत टाकलं. “असू दे सोबत,” म्हणाला. सोबत! उपाशी माणसाच्या पिशवीत तांदूळ असावेत आणि चूल नसावी, तसा मी सोबत.

रविवारी निघाली मंडळी. किसन, शालन, तिच्या मांडीवर विशू आणि मागे पानाची चंची घेऊन गोजरबाई. अंबरनाथ गेलं, बदलापूर गेलं. शालनची नजर रस्त्यावर नव्हतीच, काट्यावर होती. विशूच्या अंगात लोकरीचं झबलं, पायांत मोजे, डोक्यावर कुंची, वरून दुपटं. एप्रिलच्या उन्हात! पोर किरकिर करत होती.

“अगो, पोरीला शिजवतेस का काय?” गोजरबाई मागून म्हणाली.

“आत्या, खिडकीतून वारा येतो. कानात वारा गेला तर?”

“कानात नाय जानार तर कुठं जानार? मानसाला वारा लागतोच.”

“तुम्ही गप्प बसा हो. आधीच माझा जीव थाऱ्यावर नाही.”

चढण लागली. काटा सरकायला लागला. किसनने काच खाली केली, वर केली, काही उपयोग नसताना हॉर्नही वाजवला. मागच्या वेळचंच वळण, मागच्याच वेळचं ऐनाचं झाड, आणि तिथेच लाल दिवा लुकलुकला. किसनने गाडी बाजूला घेतली. बॉनेटखालून वाफ भसाभसा निघाली. त्याने डिकी उघडी टाकली, पाण्याचा डबा काढला आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू हा माझाच गुन्हा.

शालन झाडाखाली बसली. विशूने आकांत मांडला होता. तोंड लालबुंद, केस घामाने चिकटलेले, श्वास लागलेला. शालन तिला आणखीच छातीशी दाबत होती. “आजारी पडली ही. ताप भरलाय. अहो, ताप भरलाय हिला! आता मी हिला घेऊन कुठे जाऊ?”

गोजरबाईने पान थुंकलं आणि पोर तिच्या हातातून ओढून घेतली. दुपटं फेकलं, मोजे काढले. कुंचीच्या नाडीला हात घातला तशी शालन ओरडली, “आत्या, वारा लागेल तिला!”

“वारा लागू दे म्हनून तर सोडते! निरगाठ मारलीस मेले. पोर काय पळून चाललीय?”

तिने चंचीतला अडकित्ता काढून नाडी कच्चकन कापली. कुंची मागे पडली. झबलंही निघालं. झाडाखाली झुळूक होती, ती पोरीच्या ओल्या डोक्यावरून गेली. विशूने एक मोठा हुंदका दिला, मग छोटा, मग गप्प झाली आणि वरच्या हलत्या पानांकडे बघायला लागली. थोड्या वेळाने अंगाला हात लावला तर ताप नाही, काही नाही.

“बघ,” गोजरबाई म्हणाली. “काय झालं नव्हतं पोरीला. झाकून झाकून तापवली तू तिला.”

शालनने पडलेली कुंची उचलली. तिच्या हातात कापलेली नाडी होती. ती त्या नाडीकडे बघत राहिली. मग उठली, गाडीपुढे जाऊन उकिडवी बसली आणि जाळीच्या फटीतून बोट आत घातलं. बोट रेक्झिनला लागलं. तापलेलं होतं, तव्यासारखं.

“अहो.”

“काय?”

“ही कुंची कधी काढली होती तुम्ही?”

“कुठली कुंची?”

“गाडीची. पावसाळ्यातली.”

किसन डबा हातात घेऊन उभा राहिला. डोकं खाजवलं. “काढायची असते होय ती?”

मी डिकीत पडल्या पडल्या ऐकत होतो. एवढे दिवस मी ज्यासाठी तळमळत होतो ते त्या बाईने एका बोटाने शोधलं. मला आनंद व्हायला हवा होता ना? झाला. पण खरं सांगू, आनंदाच्या आधी राग आला. मेकॅनिक झाला, लेथवाला झाला, दुकानदार झाला, माझ्यावर वाद घालून सगळ्यांचे घसे बसले. आणि जाळीमागे बोट घालायला कुणाला सवड नव्हती!

अडकित्ता परत कामाला आला. निरगाठी कापल्या, काळी कुंची ओढून बाहेर काढली. शालनने ती घडी घालून माझ्याच अंगावर टाकली. इंजिन निवायची वाट बघितली, हळूहळू पाणी भरलं आणि निघाले. काटा थोडा चढला आणि मधेच थांबला. दिवा लागला नाही. वळण गेलं, दुसरं वळण गेलं. किसन शीळ वाजवायला लागला, तशी शालन म्हणाली, “पुढे बघा.”

रामभाऊ अंगणात खाटेवर बसले होते. गाडीचा आवाज ऐकून उठले. “जय भीम, जावईबापू! गाडीनेच आणलंत!” शालन पुढे गेली आणि तिने विशूला त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी पोरीचं तोंड उन्हाकडे वळवलं, मान तिरकी केली, ज्या कोपऱ्यातून दिसत होतं त्या कोपऱ्यातून बघितलं. बराच वेळ बघितलं.

“जावळ कुरळं आहे,” ते म्हणाले. “आणि कपाळ... शालन, अगं हे तर माझ्या आईचं कपाळ.”

सामान काढायला किसनने डिकी उघडली होती, तिथून रेक्झिनच्या कडेने मी पाहत होतो. पोरीच्या डोक्यावर कुंची असती तर म्हाताऱ्याला एक गाठोडं दिसलं असतं. शालनलाही ते कळलं असावं. तिने पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेली.

पावसाळ्यात आबांची दृष्टी पूर्ण गेली. पण विशूचं वर्णन ते कुणालाही करून सांगायचे, कुरळं जावळ आणि कपाळ, आणि ते अगदी बरोबर असायचं.

आता माझं काय? किसन मला परत करायला गेला त्या दिवशी दुकान बंद होतं. मग तो विसरला. मग टेकचंदशेट दुकान विकून दुसरीकडे गेले. जाण्याआधी किसनने हिशोब मिटवला खरा, पण घरात मला कुणी विकत घेतलेला मानलंच नाही. मी अजून ‘जांगड्या’च आहे. सात-आठ वर्षं झाली. विशू शाळेत जाते, गाडी कधीच गेली आणि मी शालनच्या ओट्यावर आहे. चुलीवरून उतरवलेलं दुधाचं पातेलं माझ्यावर ठेवतात. “विशू, जांगड्या सरकव गं,” असं म्हणते ती. खालून वारा लागतो, दूध लवकर निवतं. म्हणजे थंड करायचं काम करतो मी, पण तेलाचा एक थेंब काही माझ्यातून फिरला नाही. ओट्यावर बसून मला फोडणीचा वास येतो, इंजिनाचा नाही. चिडचिड होते. कुणाला सांगू?

म्हणून तुम्हाला सांगतोय. हरिचंद्र अजूनही येईल त्याला कूलर टाक म्हणतो. तुमच्या ओळखीत कुणाची गाडी तापत असेल आणि तो माझ्या भावंडांपैकी कुणाला आणायला निघाला असेल, तर त्याला सांगा, आधी जाळीमागे हात घालून बघ. गाडीला श्वास घ्यायला जागा आहे का बघ. मग खुशाल आण. आणि शेजारी कुणाचं तान्हं भर उन्हात कुंचीत गुंडाळलेलं रडत असेल, तर त्याच्या आईलाही सांगा. रागावेल ती. तरी सांगा. तिने दुसऱ्या आईला सांगावं, असंही सांगा.

मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.